हातचा

केरिचोच्या डोंगरउतारावर, सात नंबरच्या वजनशेडमध्ये
मी हजेरीपट लिहितो. मी किपकिरुई.
आलेल्याला उभी रेघ, शाईने.
आजाऱ्याला शून्य, पेन्सिलीने,
कारण ताप कधी उतरेल ते आधी कुणाला ठाऊक असतं?

लांबलेला पाऊस ओसरला आणि शून्यं वाढू लागली.
सोमवारी चार, गुरुवारी अकरा,
मग एका सकाळी चौतीस.
पट उजेडात धरला
तर कसर लागल्यासारखा दिसत होता.

नैरोबीहून एक बाई आल्या, एक पानी फॉर्म घेऊन.
एका तापाची किंमत किती, शिलिंगमध्ये?
रकाना बोटभर रुंद.

मी उदाहरणाला चेलांगत घेतली.
दिवसाला चाळीस किलो खुडते.
हातांकडे बघतसुद्धा नाही, शेजारणीशी बोलता बोलता
दोन पानं, एक कळी, दोन पानं, एक कळी
खांद्यावरून मागच्या टोपलीत.
मलेरियाचे सहा दिवस.
चाळीस गुणिले सहा, गुणिले दर.
उत्तर आलं. बाईंनी मान डोलावली.

शाळेत आमचे मास्तर पाटी तपासताना
बोटाच्या पेरावर टिचकी मारायचे:
हातचा विसरलास.

झुडपाला ताप येत नाही, बाई.
ते वाढतच राहिलं तिच्या ओळीत.
जुलै उजाडला तोवर पान जून झालेलं,
चामड्यासारखं; कारखान्याने पोती परत पाठवली.
रोलर अर्धपोटी फिरले,
बॉयलरने लाकूड मात्र भरपोट खाल्लं.

तिची थोरली, चेरोतिच, वय अकरा,
सहा दिवस पाणी भरत होती, धाकट्याला खेळवत होती.
वर्गात त्याच आठवड्यात अपूर्णांक शिकवले.
दवाखान्यापर्यंत मोटारसायकलचं भाडं;
त्यासाठी दिराने मेंढी घेतली,
अडल्या घराच्या भावाने.

आणि जी शून्यं मी लिहिलीच नाहीत?
तापकिगेन दोन स्वेटर घालून आली होती.
दात वाजत होते तरी म्हणाली, मांड माझी रेघ.
एकोणीस किलो, त्यात निम्म्या काड्या.
पटावर तिची रेघ ताठ उभी आहे;
ती स्वतः झुडपाला धरून होती.

बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, मागच्या बाजूला लिहा.
कागद पातळ होता.
मागचं पुढे उमटलं,
आणि रकान्यातला आकडा वाचता येईना.

नऊ तारखेला माझ्याच अंगात कणकण आली.
संध्याकाळपर्यंत हाडं खिळखिळी,
पांघरुणाखाली कुठला तरी ट्रॅक्टर चालू असल्यासारखा.
पट टेबलाच्या खणात होता,
खणाची किल्ली माझ्या खिशात.
त्या तीन दिवसांत सात नंबरच्या शेडमध्ये
कुणीच गैरहजर नाही.
कुणी हजरही नाही.
तीन कोरे रकाने, पांढरेशुभ्र, निरोगी.

साहेब म्हणाले, रेघा ओढून टाक, वर पाठवायचंय.
मी पेन्सिलीला टोक काढत बसलो. अजून काढतोय.

पगार झाला तेव्हा
माझे तीन दिवस कापलेले होते, शिलिंगागणिक, अचूक.
साऱ्या हिशेबात तेवढीच एक वजाबाकी
कुणाला परत तपासावी लागली नाही.

चेलांगत परत आली.
आमच्यात तिन्हीसांजेला जन्मलेल्या मुलीला हे नाव देतात;
ती भर दुपारी काट्यापाशी उभी होती
आणि चेहऱ्यावर तीच वेळ होती.
काटा बावीसवर थांबला.
मी उगाच पुन्हा टोपली टांगली. बावीसच.

शेजारीण अजून बोलते तिच्याशी, ओळीतून.
ही हूं म्हणते.
आता खुडताना ती
हातांकडे बघते.